किल्ली फिरवली की नुसताच 'कट्' आवाज : ट्रॅक्टरच्या सेल्फमधील दोष कसा ओळखावा?

मृगाचा चांगला पाऊस होऊन जमिनीत वापसा आला, की मानोरा तालुक्यातील भारी काळ्या रानात सोयाबीन व तुरीच्या पेरणीसाठी हाती मोजकेच दिवस असतात. पुन्हा पाऊस लागला तर ट्रॅक्टर चार-सहा दिवस शेतात शिरत नाही. नेमके अशाच सकाळी किल्ली फिरवावी आणि सेल्फजवळून नुसताच 'कट्' असा आवाज यावा, इंजिन मात्र फिरू नये, ही अडचण अनेकांना येते. उन्हाळी नांगरटीनंतर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये हा दोष अधिक आढळतो. जीप वा मोटारीतही कारणे हीच असतात. अशा वेळी घाईने नवीन बॅटरी आणली जाते किंवा सेल्फ उतरवून तालुक्याच्या गावी नेला जातो. पुष्कळदा या दोन्हींची गरज नसते.

'कट्' हा आवाज सेल्फवर बसविलेल्या सोलेनॉइडचा असतो. किल्ली फिरवताच त्यातील लोखंडी दांडा आत ओढला जातो, सेल्फचे छोटे दातेरी चक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि त्याच वेळी तांब्याचे जाड संपर्क जुळून बॅटरीचा प्रवाह सेल्फला मिळतो. दांडा ओढण्यास थोडा प्रवाह पुरतो, परंतु डिझेल इंजिन फिरविण्यास दोनशे ते चारशे अँपिअर लागतात. हेडलाइटच्या एका दिव्याला चार-पाच अँपिअर पुरेसे होतात. म्हणून "हॉर्न वाजतो, दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठीक आहे" हा समज चुकीचा आहे.

दोष शोधण्याची सोपी रीत अशी. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हेडलाइट लावावेत. एकाने किल्ली फिरवावी व दुसऱ्याने समोर, पण बाजूला उभे राहून दिव्यांकडे पाहावे. 'कट्-कट्-कट्' असा लागोपाठ आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची जोडणी सैल अथवा गंजलेली आहे. एकच ठसठशीत आवाज येऊन दिवे तसेच प्रखर राहत असतील, तर प्रवाह सेल्फमध्ये पोचतच नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळाले असावेत किंवा कार्बन ब्रश झिजले असावेत. एकच आवाज येऊन दिवे अगदी मंद होत असतील व बॅटरी भरलेली असेल, तर सेल्फ किंवा इंजिन जाम झाले असण्याचा संभव असतो. आवाजच येत नसेल, तर आधी क्लच पूर्ण दाबून पाहावा. अनेक ट्रॅक्टरांत क्लच किंवा गिअरच्या दांड्याला सुरक्षा स्विच असतो.

सुरुवात नेहमी टर्मिनलपासून करावी, कारण येथे खर्च काहीच नाही. टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा थर प्रवाह अडवितो. प्रथम ऋण (−) व नंतर धन (+) टोक सोडवावे. गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून थर धुवावा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर टोके पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून घट्ट आवळावीत. जोडताना धन टोक आधी, ऋण शेवटी. वरून व्हॅसलिन लावावे. ऋण केबलचे दुसरे टोक चासीला जेथे बसते, तेथील रंग व गंजही खरवडावा. ही जागा मिस्त्रीसुद्धा विसरतात.

त्यानंतर बॅटरीची तपासणी करावी. काही तास बंद असलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ वर आला म्हणजे ती निम्मी उतरली असे समजावे. सेल्फ मारताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. आपल्याकडील उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी झपाट्याने उडते आणि उघड्या पडलेल्या प्लेट कायमच्या निकामी होतात. म्हणून प्लेट बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी किंवा जास्तीचे आम्ल घालू नये. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, त्यामुळे जवळ विडी ओढू नये.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून सुरू करावयाचे झाल्यास दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असल्याची खात्री करावी. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी लावू नये. धन टोकास धन जोडावे, ऋण केबलचे शेवटचे टोक मात्र बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. जमिनीवर उभे राहून सेल्फचे दोन बोल्ट पेचकसाने जोडण्याची पद्धत सर्रास आढळते. असे केल्याने सुरक्षा स्विच निरुपयोगी ठरतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो त्याच क्षणी पुढे येतो आणि उभ्या माणसाच्या अंगावर मागचे चाक जाते. अशा रीतीने माणसे दगावली आहेत. पेरणीचा एक दिवस गेला तरी चालेल, हा प्रकार करू नये.

सेल्फचे चक्र फ्लायव्हीलमध्ये अडकले असल्यास किल्ली बंद करून, वरचा गिअर टाकून ट्रॅक्टर मागेपुढे हलविला असता बहुधा सुटते. इंजिन मुळीच हलत नसेल तर जोर लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर सेल्फ फिरू लागला, तर ब्रश संपत आले असे समजून पेरणीआधीच बदलून घ्यावेत.

बॅटरी भरूनही चार दिवसांत पुन्हा उतरत असेल, तर इंजिन मध्यम वेगात चालू ठेवून व्होल्टमीटर लावावा. दाब १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. कमी असल्यास प्रथम फॅन बेल्टचा ताण पाहावा. तो ठीक असेल तर अल्टरनेटर तपासून घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून पाहण्याची रीत टाळावी, त्यात अल्टरनेटरचे डायोड जळतात. पेरणीनंतर ट्रॅक्टर महिना-दीड महिना उभा राहणार असल्यास ऋण टोक सोडवून ठेवावे आणि डवरणीच्या दिवसांत बॅटरी एकदा भरून घ्यावी.