‘द्यावे ही विनंती’ इंग्रजीत कसं म्हणायचं? शुड, कुड आणि वुडची गोष्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. माझा विषय कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंग शोषून घेणारे पदार्थ तयार करणं. भिवंडीत राहणाऱ्या मुलीने हा विषय घेतला याचं आमच्याकडे कुणालाच आश्चर्य वाटत नाही. पाच सॅम्पल तयार होती, त्यांचं पृष्ठफळ मोजायचं होतं आणि ते यंत्र आमच्या लॅबमध्ये नव्हतं. दुसऱ्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञ मॅडमकडे होतं. मी मेल लिहिला. आधी मनात मराठीत जुळवला, मग इंग्रजीत केला:

“यू शुड अलाउ मी टू यूज युअर इन्स्ट्रुमेंट. आय वाँट द रिझल्ट्स बिफोर द फिफ्टीन्थ. प्लीज डू द नीडफुल.”

उत्तर आलं नाही. दहा दिवसांनी गाइड सरांना मेल दाखवला. त्यांनी वाचला आणि एवढंच म्हणाले, “अगं, तू विनंती नाही केलीस, ऑर्डर काढलीस.”

मला ते पटेना. कारण माझ्या मनातलं वाक्य होतं, “आपण मला आपलं यंत्र वापरण्याची परवानगी द्यावी.” यात उर्मट काय आहे? शाळेतल्या रजेच्या अर्जापासून आपण असंच लिहीत आलोय. मग गडबड कुठे झाली? तुम्हीही लवकरच गाइड शोधण्यासाठी, समर प्रोजेक्टसाठी किंवा एखाद्या पेपरच्या प्रतीसाठी असे मेल लिहिणार आहात, म्हणून हे सविस्तर सांगतेय.

१. एक मराठी रूप, चार इंग्रजी वाटा

शाळेत क्रियापदाचे अर्थ शिकलो होतो, आठवतात? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातला विध्यर्थ म्हणजे ‘-आवा, -आवी, -आवे’ची रूपं. हे रूप एकटं किती कामं करतं बघा:

मुलांनी रोज वाचावं. (कर्तव्य)
तो आता घरी पोहोचला असावा. (अंदाज)
तुला यश मिळावं. (इच्छा)
रजा मंजूर करावी. (विनंती)

इंग्रजीत ही कामं वेगवेगळ्या सहायक क्रियापदांकडे वाटलेली आहेत. कर्तव्याला ‘शुड’. अंदाजाला ‘मस्ट’ किंवा ‘माइट’. इच्छेला ‘मे’. आणि विनंतीला ‘कुड’ किंवा ‘वुड’. आपण मात्र ‘-आवे’ दिसलं की डोळे झाकून ‘शुड’ लावतो. मग “परवानगी द्यावी” याचं “परवानगी देणं तुमचं कर्तव्य आहे” असं होतं. मॅडमनी नेमकं तेच वाचलं.

जेनी थॉमस या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये अशा चुकांवर एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा संशोधकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याचं इंग्रजी कच्चं आहे. पण व्याकरण बरोबर असून विनंतीचा सूर चुकला, तर तो म्हणतो, हा माणूसच उद्धट आहे. म्हणजे तुमचं इंग्रजी जितकं चांगलं, तितकी ही चूक महागात पडते. माझ्या मेलमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती!

२. किराणा दुकानातलं व्याकरण

आता चांगली बातमी. कुड आणि वुड ज्या युक्तीवर चालतात, ती युक्ती आपल्याला आधीच येते.

कामतघरच्या किराणा दुकानात मी म्हणते, “काका, अर्धा किलो साखर हवी होती.” साखर मला आत्ता हवी आहे. मग ‘होती’ कशासाठी? सरांच्या केबिनच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, “सर, एक विचारायचं होतं.” विचारायचं आत्ताच आहे, पण काळ भूतकाळाचा.

भूतकाळ वापरला की मागणी एक पाऊल मागे सरकते. समोरच्याच्या अंगावर येत नाही. त्याला “आत्ता वेळ नाही” म्हणायला जागा राहते. इंग्रजीत हेच होतं. ‘कुड’ हे मुळात ‘कॅन’चं भूतकाळी रूप आणि ‘वुड’ हे ‘विल’चं. “कॅन यू सेंड” म्हणजे “पाठवू शकता का”, आणि “कुड यू सेंड” म्हणजे “पाठवू शकाल का”. आपण भविष्यकाळाकडे सरकलो, इंग्रजी भूतकाळाकडे सरकली. दोघींनी वर्तमानापासून अंतर ठेवलं. “आय वाँट”च्या जागी “आय वुड लाइक” हेही तसंच, ‘पाहिजे’च्या जागी ‘हवं होतं’.

म्हणून मेल मनात मराठीतच जुळवत असाल तर अर्जातली मराठी घेऊ नका, दुकानातली घ्या. “द्यावे” ऐवजी “देऊ शकाल का” आणि “पाहिजे” ऐवजी “हवं होतं” असं मनात म्हणा. इंग्रजी आपोआप बरोबर येईल.

३. किती नम्र व्हायचं?

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन भाषांची तुलना करून नम्रतेचा सिद्धांत मांडला. तो 1978 मध्ये आला आणि 1987 मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यांच्या मते किती नम्र व्हायचं हे तीन गोष्टींवर ठरतं: समोरच्याशी ओळख किती, त्याचा अधिकार किती आणि आपण मागतोय त्याचं ओझं किती. हे तीन प्रश्न विचारले की पायरी सापडते:

लॅबमधल्या मैत्रिणीकडे पेन मागायचंय: “कॅन आय बॉरो युअर पेन?”
सीनियरकडून पेपरची पीडीएफ हवीय: “कुड यू प्लीज सेंड मी द पेपर?”
गाइडने मसुदा वाचायला हवाय: “वुड यू बी एबल टू लुक अ‍ॅट माय ड्राफ्ट धिस वीक?”
अनोळखी शास्त्रज्ञाचं यंत्र हवंय: “आय वॉज वंडरिंग इफ इट वुड बी पॉसिबल टू...”

वरची पायरी नेहमीच चांगली असं नाही. मैत्रिणीला “आपण जरा सरकाल का?” म्हटलं तर ती म्हणेल, “काय गं, चिडलीस का?” इंग्रजीतही पेनसाठी “आय वॉज वंडरिंग” म्हटलं तर टोमणा वाटतो.

आणि नुसतं ‘प्लीज’ पुरत नाही. “प्लीज सेंड मी द डेटा” हा गोड बोललेला हुकूमच. ‘काइंडली’चंही तसंच. आपल्याकडे ते सरकारी पत्रात चालतं, पण बाहेरच्या वाचकाला ते बऱ्याचदा ताकीद दिल्यासारखं वाटतं. ‘डू द नीडफुल’ ही जुन्या कचेऱ्यांतली इंग्रजी. आता ती मुख्यतः आपल्या उपखंडातच शिल्लक आहे. सोडून द्या.

४. उत्तर देताना

इथे दोन खड्डे आहेत.

एक, “कुड आय यूज द बॅलन्स?” असं कुणी विचारलं तर उत्तर “येस, यू कॅन” असं द्यायचं, “येस, यू कुड” असं नाही. मागताना मागे सरकायचं असतं, देताना नाही.

दोन, “वुड यू माइंड शेअरिंग युअर डेटा?” याचा अर्थ “तुमची काही हरकत आहे का?” द्यायचा असेल तर उत्तर “नॉट अ‍ॅट ऑल”. घाईत “येस” म्हणालात तर हरकत आहे असं होईल.

५. मदत देऊ करताना गणित उलटं

विनंतीत त्रास समोरच्याला होतो, म्हणून हळू बोलायचं. मदत देऊ करताना फायदा समोरच्याचा असतो, मग?

आपल्या घरी पाहुण्याला “तुम्ही चहा घेऊ शकाल का?” असं कुणी विचारत नाही. “बसा हो, चहा घेऊनच जा!” हा सरळ आज्ञार्थ, पण त्यातच आदर आहे. जेफ्री लीच यांनी 1983 च्या पुस्तकात हेच इंग्रजीबद्दल सांगितलंय: ज्यात ऐकणाऱ्याचा फायदा, ते जितकं ठामपणे म्हणाल तितकं नम्र. म्हणून “हॅव अ सीट” उद्धट नाही आणि “यू मस्ट ट्राय धिस” हा आग्रह आहे.

लॅबमधली मदत मात्र विचारून द्यावी, कारण दुसऱ्याच्या प्रयोगात हात घालणं हाही त्रासच. आपलं ‘करू का?’ म्हणजे “शॅल आय?” “शॅल आय लेबल द सॅम्पल्स?”, सॅम्पलवर लेबल लावू का? अमेरिकेत ‘शॅल’ कमी ऐकू येतं. तिथे “वुड यू लाइक मी टू...” चालेल. “डू यू वाँट माय हेल्प?” हे मैत्रीत ठीक आहे, पण मोठ्यांना म्हटलं तर उपकार केल्यासारखं वाटतं.

६. तोच मेल, पुन्हा

सरांच्या शेजारी बसून मी तो मेल असा लिहिला:

“आय वर्क ऑन रिमूव्हिंग डाइज फ्रॉम टेक्स्टाइल वेस्टवॉटर. आय वॉज वंडरिंग इफ इट वुड बी पॉसिबल टू मेझर द सर्फेस एरिया ऑफ फाइव्ह सॅम्पल्स ऑन युअर इन्स्ट्रुमेंट. आय वुड बी हॅपी टू कम ऑन एनी डे दॅट सूट्स यू. इफ धिस इज नॉट पॉसिबल, कुड यू सजेस्ट अनदर लॅब?”

फरक फक्त क्रियापदांचा नाही. आता कारण आहे, ओझं नेमकं किती ते आहे, तारीख त्यांच्या हातात आहे आणि नाही म्हणायला वाट आहे. कुड-वुड ही वाट उघडी ठेवतात, पण वाट मुळात तुम्हीच ठेवायला हवी. मागे “बिफोर द फिफ्टीन्थ” असेल तर पुढे कितीही वुड लावले तरी उपयोग नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. पाच नाही, तीन सॅम्पल, आणि तीही पुढच्या महिन्यात. मला ते पुरेसं होतं. पहिल्या मेलबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

आज रात्री एक काम करा. तुमचा शेवटचा इंग्रजी मेल उघडा, त्यातले ‘शुड’, ‘वाँट’ आणि ‘काइंडली’ शोधा आणि प्रत्येकापाशी थांबून विचारा: हे मी किराणा दुकानात कसं म्हटलं असतं?