पाखरू न उडवता फोटो

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात आणि त्यांच्यामागे लांब भिंगांचे कॅमेरे. या पाहुण्यांना भाकरी-मासे आमच्या गटाच्या बायका करून वाढतात.

५० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा ४०० चं भिंग पक्षी आठपट मोठा दाखवतं. हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. म्हणून शटर जलद हवं. उडत्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग. होडीत तिपाई कामाची नाही. तांदळाची पिशवी काठावर ठेवून भिंग तिच्यावर टेकवावं, इंजिन बंद ठेवावं.

काही जण गुलाबी पंख दिसावेत म्हणून होडी थव्यात घालायला लावतात, वर पैसे देतात. रोहित जागच्या जागी उडत नाही, पाण्यावर धावत उठतो. त्यात त्याची ताकद जाते, चरणंही थांबतं. नावाडी आमच्याच घरातले, त्यांना ते पैसे नाकारणं जड जातं. पण थवा लांब गेला की उद्याची होडी रिकामी, आमची चूलही.

पक्ष्यांनी चरणं सोडून माना वर केल्या की होडी तिथेच थांबवा. गप्प बसा. थोड्या वेळाने ते पुन्हा चोच उलटी करून चिखल गाळू लागतात. फोटो तेव्हा काढा, सूर्य पाठीशी घेऊन.

सकाळची होडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. भाकरी नऊला तयार असते.