संगणकाचा वेग वाढविणारे सशुल्क सॉफ्टवेअर : खर्च सार्थ ठरतो का?

जबलपूर येथील तण संशोधन संचालनालय १९८९ साली राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र म्हणून सुरू झाले. १९७८ पासून चालत आलेल्या अखिल भारतीय समन्वित तण व्यवस्थापन प्रकल्पाचे समन्वयनही येथूनच होते. महाराष्ट्रातील अकोल्यासह देशातील अनेक केंद्रे या प्रकल्पाशी जोडलेली आहेत. तणांच्या प्रयोगात बहुधा पेरणीनंतर ३० व ६० दिवसांनी प्रक्षेत्रावर चौकट टाकून तणांची संख्या आणि शुष्क वजन नोंदविले जाते. ही निरीक्षणे हरवली तर तो हंगाम पुन्हा मिळत नाही. त्यामुळे ती ज्या संगणकात साठविली जातात, त्याची निगा हा संशोधनाचाच एक भाग ठरतो.

चार-पाच वर्षांचा संगणक मंदावला, की पडद्यावर शेकडो दोष आढळल्याची सूचना झळकते आणि वार्षिक वर्गणी भरल्यास ते दूर करण्याचे आश्वासन मिळते. संशोधन केंद्रे, कृषी महाविद्यालये आणि शोधप्रबंध लिहिणारे विद्यार्थी या सर्वांपुढे मग एकच प्रश्न उभा राहतो : हे सॉफ्टवेअर विकत घ्यावे काय? थोडक्यात उत्तर असे की, बहुतेक प्रसंगी घेऊ नये. त्यामागील कारणे मात्र समजून घेणे आवश्यक आहे.

आधी निदान, मग उपाय

गव्हातील चाकवतासारख्या रुंद पानांच्या तणांवर २,४-डी उपयोगी पडते. तेच रानओटासारख्या गवतवर्गीय तणावर फवारले, तर खर्च होतो आणि तण तसेच राहते. संगणकाच्या मंदपणालाही हेच लागू पडते. त्याची मुख्य कारणे चार आहेत : जुनी फिरती हार्डडिस्क, अपुरी रॅम, संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम आणि अति उष्णता.

फिरत्या हार्डडिस्कमध्ये माहिती शोधण्यासाठी वाचनशीर्ष हलवावे लागते व तबकडी फिरण्याची वाट पाहावी लागते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीत केवळ या फिरण्यापायी प्रत्येक वेळी सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. म्हणून विखुरलेली माहिती हार्डडिस्क सेकंदाला साधारण शंभर वेळा वाचू शकते, तर एसएसडी हजारो वेळा. ही मर्यादा यंत्राच्या रचनेची आहे आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती ओलांडू शकत नाही.

उष्णतेचेही तसेच. जबलपूर परिसरात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. धुळीने पंखा व हवेचे मार्ग तुंबले, की प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी आपला वेग कमी करतो. येथे हवेच्या झोताने केलेली सफाईच उपयोगी पडते.

सशुल्क सॉफ्टवेअर नेमके काय करते?

अशा सॉफ्टवेअरची कामे प्रामुख्याने चार असतात. पहिले काम तात्पुरत्या फायली पुसण्याचे. डिस्क काठोकाठ भरली असेल तर त्याचा लाभ होतो, परंतु विंडोजमधील डिस्क क्लीनअप आणि स्टोरेज सेन्स या सुविधा हेच काम विनामूल्य करतात. दुसरे काम आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम रोखण्याचे. तेही टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ विभागातून दोन मिनिटांत होते.

तिसरे काम रजिस्ट्रीच्या सफाईचे. रजिस्ट्री म्हणजे विंडोज व इतर प्रोग्रॅमच्या मांडणीची वर्गवार नोंदवही होय. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदी तीत मागे राहतात, पण त्या वाचण्याचे कोणाला कारण पडत नाही. लाखो नोंदींतून अशा काहीशे पुसल्या तरी वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट आवश्यक नोंद पुसली गेली, तर एखादा प्रोग्रॅम किंवा संपूर्ण विंडोजच बंद पडू शकते.

चौथे काम रॅम ‘मोकळी’ करण्याचे. विंडोज रिकामी रॅम वाया जाऊ देत नाही. पुन्हा लागण्याची शक्यता असलेली माहिती ते तेथेच राखून ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. ही माहिती बळेच बाहेर काढली, तर आकडा मोकळा दिसतो, परंतु पुढच्याच क्षणी तीच माहिती संथ डिस्कवरून पुन्हा आणावी लागते.

हार्डडिस्कवरील विखुरलेल्या फायली एकत्र आणण्याचे कामही विंडोज ठरावीक काळाने स्वतःच करते. त्यासाठी वेगळी वर्गणी भरण्याचे कारण नाही.

दोषांचा आकडा कितपत खरा?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये ऑफिस डेपो व सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांवर कारवाई केली आणि प्रकरण ३ कोटी ५० लाख डॉलर्सवर मिटले. त्यांच्या ‘आरोग्य तपासणी’त संगणक मंद आहे काय, अशा स्वरूपाचे प्रश्न आरंभी विचारले जात. ग्राहकाने एका प्रश्नाला जरी ‘होय’ म्हटले, तरी संगणकात घातक सॉफ्टवेअरची लक्षणे असल्याचा निष्कर्ष निघे. प्रत्यक्ष तपासणीशी त्या निष्कर्षाचा संबंध नव्हता. २०२४ मध्ये रेस्टोरो व रीइमेज या कंपन्यांना अशाच फसव्या सूचनांच्या आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर्स भरणे मान्य करावे लागले.

नामवंत सॉफ्टवेअरही धोक्यापासून मुक्त नसते. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सफाई-सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी निर्मात्यांच्याच यंत्रणेत शिरून घातक भाग मिसळला. ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती. संगणकाच्या अंतरंगात सर्वत्र फिरण्याचा अधिकार ज्या प्रोग्रॅमला दिला जातो, त्याच्यावरील हल्लाही तितकाच खोल जातो.

खर्च कोठे करावा?

कार्यालयाने क्रम असा ठेवावा. प्रथम नोंदींची प्रत काढावी, मग धूळ काढावी, अनावश्यक प्रोग्रॅम हटवावेत आणि डिस्कवर पुरेशी जागा मोकळी करावी. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कशावर ताण आहे, ते काम चालू असताना पाहावे. डिस्कचा वापर सतत शंभर टक्क्यांना टेकत असेल तर एसएसडी बसवावी. मोठी तक्ता-फाईल उघडताच रॅम भरत असेल तर रॅम वाढवावी. वर्गणी दरवर्षी भरावी लागते, हा खर्च एकदाच होतो आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो.

घातक सॉफ्टवेअरची शंका असेल तर तो प्रश्न सुरक्षेचा आहे, वेगाचा नव्हे. त्यासाठी विंडोजमधील डिफेंडर आहे. शिवाय भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही विनामूल्य मिळतात. विंडोज १० ची नियमित विनामूल्य सुरक्षा-अद्ययावने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ही उणीव कोणतेही सफाई-सॉफ्टवेअर भरून काढीत नाही. संगणक पात्र असल्यास विंडोज ११ घ्यावे किंवा लिनक्सचा विचार करावा.

सशुल्क साधन योग्य ठरण्याचे प्रसंगही आहेत. अनेक संगणकांची अद्ययावने एका ठिकाणाहून हाताळणे, स्वयंचलित प्रती ठेवणे किंवा निकामी डिस्कवरील माहिती परत मिळविणे, ही कामे निराळी आहेत. तेथे संस्थेने गरज पाहून खरेदी करणे योग्य होय.

कोणताही बदल करण्यापूर्वी प्रयोगाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी कार्यालयाबाहेर. प्रक्षेत्रावरील मूळ नोंदवही अंतिम अहवाल मान्य होईपर्यंत जपून ठेवावी. मंदावलेला संगणक दुरुस्त करता येतो किंवा बदलता येतो. साठाव्या दिवशी घेतलेले निरीक्षण मात्र दुसऱ्यांदा घेता येत नाही.