अनारसे दुबईला नेऊ नयेत

दिवाळीच्या दिवसांत दुबईला निघालेल्या मराठी पाहुण्याच्या सामानात सगळ्यांत धोक्याची वस्तू कोणती, असं विचारलं तर उत्तर आहे खसखस लावलेले अनारसे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास सक्त मनाई आहे. तिथल्या कायद्याच्या लेखी तो अमली पदार्थांचा मामला ठरतो. सिंगापूरमध्येही खसखशीला बंदी आहे. डब्यावर आईचं नाव आहे की मिठाईवाल्याचं, याच्याशी तपासनिसाला कर्तव्य नसतं.

परदेशातल्या यजमानाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, यावर आपल्याकडे दुमत नाही. अडचण सुरू होते ती ‘काय न्यायचं’ इथपासून. सरकारांना ही चिंता नसते. महायुद्धाच्या काळात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती गेले, तिथल्या मुलांनी हत्ती मागितला आणि १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण धाडून दिली. सामान्य प्रवाशाला मात्र बहुधा २३ किलोंच्या बॅगेत भागवावं लागतं. त्यातून हमखास सुचणाऱ्या शाल-श्रीफळाचीही गंमत अशी, की शाल सुखरूप पोचते. श्रीफळाचं सुकं खोबरं मात्र तेलामुळे ज्वालाग्राही मानलं जातं आणि विमानात चढूच दिलं जात नाही.

खाऊचं प्रकरण तर याहून नाजूक. साताऱ्याचे कंदी पेढे पॅरिसच्या किंवा लंडनच्या यजमानाला द्यावेत, ही इच्छा कितीही गोड असली तरी युरोपीय संघ आणि ब्रिटन भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. जनावरांचे रोग दुधामांसातून येऊ नयेत, हे त्यामागचं कारण. ऑस्ट्रेलियाही पेढे-बर्फी अडवतो. हापूसचं म्हणाल, तर अमेरिकेत तो २००७ पासून पोचतो, पण विकिरणप्रक्रिया होऊन, रीतसर पेट्यांतून. लासलगावचं विकिरण केंद्र त्यासाठीच नावारूपाला आलं. पिशवीतून नेलेले चार आंबे अमेरिकेच्या विमानतळावर कचऱ्यातच जातात.

न्यूझीलंडमध्ये तर विसरून राहिलेल्या एका सफरचंदालाही जागच्या जागी ४०० डॉलर दंड बसू शकतो. खाण्याची, लाकडाची, बियांची कोणतीही वस्तू असली की ती तिथे उतरताना भरायच्या अर्जात आपणहून लिहावी. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. दंड होतो तो लपवल्याचा. ऑस्ट्रेलियात तर अशा लपवाछपवीपायी व्हिसाही रद्द होऊ शकतो.

आपल्याकडचे कायदेही माहीत असलेले बरे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. माळ्यावरची पणजीची समई कोणा जर्मन प्राध्यापकाला देण्याआधी तिचं वय तपासायला हवं. मोरपिसांची आणि त्यांच्या वस्तूंची निर्यातही बंद आहे. जत्रेत मिळणारा मोरपिसांचा पंखा घरीच बरा.

मग न्यायचं काय? सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी जो बायडन यांना चांदीची आगगाडी दिली. ती महाराष्ट्रातल्या कारागिरांनी घडवली होती आणि डब्यावर ‘दिल्ली–डेलावेअर’ असं कोरलं होतं. बायडन सिनेटर असताना वर्षानुवर्षं रोज रेल्वेने वॉशिंग्टनला ये-जा करत. म्हणजे ‘आमच्याकडे काय प्रसिद्ध आहे’ याच्या आधी ‘याला कशाची आवड आहे’ हा विचार झाला होता. चांदी परवडली नाही तरी विचार फुकट आहे.

त्या कसोटीवर कोल्हापुरी चप्पल मागे पडते. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रादा फॅशन शोमध्ये तिच्या धर्तीची पादत्राणं झळकली आणि गावभर चर्चा झाली, हे खरं. पण दुसऱ्याच्या पायाचं माप अंदाजाने घेऊन आणलेली चप्पल कपाटातच राहते. सोलापुरी चादर उबदार, पण निम्मी बॅग तीच खाते. गणपतीच्या मूर्तीबद्दल तर स्पष्टच लिहायला हवं: ज्याच्या घरात ती कुठे ठेवायची हा प्रश्न पडेल, त्याला ती देऊ नये. वारली चित्र मात्र गुंडाळून नळीत बसतं. गेरूच्या पार्श्वभूमीवरचा पांढरा तारपा नाच कोणत्याही भिंतीवर शोभतो आणि त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगता येतो.

आणि सावंतवाडीची गंजिफा! या गोल, हाताने रंगवलेल्या, चकचकीत लेपाच्या पत्त्यांची परंपरा तिथल्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, सत्तरच्या दशकात सावरून धरली. राजवाड्यात आजही चित्रकार ती रंगवताना दिसतात. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, प्रत्येक अवताराची बारा. त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा चिन्हांची पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. तळहाताएवढं पान, बॅगेच्या कोपऱ्यात मावेल अशी पेटी, वजन नगण्य. आणि जेवणानंतर यजमानांच्या मुलांसोबत खेळायला डावही तयार.

सावंतवाडीच्याच चितारआळीतली लाकडी फळंही सुरेख असतात. फक्त ऑस्ट्रेलियाला नेताना ती अर्जात लिहावी लागतात, कारण तिथे लाकडाला कीड किंवा साल आहे का, हे पाहतात.

भेट द्यायच्या रीतीही वेगळ्या. जपानी यजमान दोन्ही हातांनी भेट घेतो आणि पुष्कळदा तशीच बाजूला ठेवतो. आवडली नाही असं त्यावरून समजू नये. जर्मन किंवा अमेरिकन यजमान तिथेच कागद फाडून उघडतो. जपानला खाऊ न्यायचा तर एकेक नग वेगळा गुंडाळलेला न्यावा, म्हणजे तो कचेरीत वाटता येतो. चिक्की किंवा शेंगदाण्याची चटणी नेताना मात्र घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावंच. यात संकोचण्यासारखं काही नाही.

गंजिफा घेणार असाल तर दुकानदाराकडून डाव कसा मांडायचा ते समजून घ्या, यजमानाला कळेल त्या भाषेत एका कागदावर लिहा आणि तो कागद पेटीतच ठेवा.