हजेरीपटावर नसलेली माणसे

पिंपळे सौदागर हे नाव आज उच्चारले की डोळ्यांसमोर पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती उभ्या राहतात. परंतु शंभर वर्षांपूर्वी ते पुण्यानजीकचे एक साधे शेतकरी खेडे होते, आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी त्याच खेड्याच्या जमिनीचा व मजुरीचा अभ्यास करून 1917 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जुनी कागदपत्रे तपासताना त्यांना असे आढळले, की 1771 साली या गावातील शेतजमिनीचे सरासरी क्षेत्र 40 एकर होते, ते 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आले होते. खातेदाराचे नाव, जमिनीचा आकार आणि सारा यांची नोंद सरकारी दफ्तरात चोख होती. त्या जमिनीवर खातेदाराच्या मुलाबाळांचा निर्वाह होतो किंवा कसे, हा रकाना मात्र त्यात नव्हता. मॅन यांनी घरोघरचा जमाखर्च मांडून तो रकाना भरला, आणि गावातील बहुसंख्य कुटुंबांना स्वतःच्या शेतीवर सुस्थितीत जगणे अशक्य झाले आहे, हे कटू सत्य आकड्यांच्या रूपाने समोर आले.

श्रम, विषमता आणि शासकीय धोरण यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांचे कार्य नेमके कोणते, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडतो, कारण त्यांचे ग्रंथ कोष्टकांनी आणि समीकरणांनी भरलेले असतात. माझ्या मते त्या कार्याचे मर्म या पहिल्याच उदाहरणात आहे: दफ्तर जे आहे ते नोंदवते, अभ्यासक त्या नोंदीतून कोण वगळले गेले, याचा शोध घेतो. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण राज्यकर्त्याची तळमळ, श्रमिकाची गरज आणि संशोधकाची चिकाटी या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या.

1971 साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दररोज सुमारे 2250 उष्मांकांचे अन्न मिळण्यासाठी किती खर्च येतो, हे त्यांनी काढले. 1960-61 च्या किमतींनुसार तो दरडोई दरमहा खेड्यात 15 रुपये आणि शहरात 22 रुपये 50 पैसे ठरला, आणि ग्रामीण जनतेपैकी सुमारे 40 टक्के, तर शहरी जनतेपैकी सुमारे 50 टक्के लोक या मर्यादेच्या खाली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पुढे पुण्याचेच पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर मूलगामी आक्षेप घेतला: एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे मानता येत नाही. दांडेकर आणि सुखात्मे या दोन थोर संख्याशास्त्रज्ञांमधला हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि तो चालला हे इष्टच झाले. कारण ज्या रेषेवर कोट्यवधी लोकांचा हक्क अवलंबून राहायचा, ती रेषा वादाच्या कसोटीवर घासून निघणेच न्याय्य होते.

दांडेकर-रथ यांनी केवळ रोगाचे निदान केले नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि भांडवलही नाही, त्याच्याजवळ विकण्याजोगे फक्त श्रम उरतात. तेव्हा ग्रामीण सार्वजनिक कामांतून त्याला मजुरी मिळवून देणे हाच मार्ग आहे, असे त्यांनी सुचविले. याच विचाराचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आधीच सुरू झाला होता. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या विसापूरच्या परिसरात, मागेल त्याला काम देता येते की नाही, हे साठीच्या दशकाच्या मध्यात करून पाहिले होते. पुढे सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या भीषण दुष्काळात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, त्या प्रयोगाला राज्यव्यापी योजनेचे रूप मिळाले. 1975 पासून शहरांतील पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून योजनेला पैसा पुरविण्यात आला. 1977 साली कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. खेड्यातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर शासनाने ते पंधरा दिवसांत द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्या कायद्याचे सूत्र होते.

पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्त्यासाठी खडी फोडणे अशा कामांवर लक्षावधी माणसे रुजू झाली. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी प्रत्यक्ष कामांवर जाऊन मजुरांची पाहणी केली, आणि 1980 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून या कामांवर स्त्रियांची संख्या किती मोठी आहे आणि येणारी माणसे खरोखरच किती गरीब आहेत, हे दिसून आले. कष्टाचे काम आणि बेताची मजुरी यामुळे सुस्थितीतला माणूस आपोआप दूर राहत होता. गरिबाची निवड करण्यासाठी कोणा अधिकाऱ्याच्या दाखल्याची जरूरी नव्हती.

येथेच एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. मजुराला कामावर दहा रुपये मिळाले, म्हणून त्याचे उत्पन्न दहा रुपयांनी वाढले असे म्हणता येईल काय? कदाचित तो अन्यत्र चार रुपये मिळवीत असता, ते त्याने सोडलेले असतील. याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही. ते सापडले सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा या गावांत, जेथे इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेचे अन्वेषक 1975 पासून मुक्काम करून, दर तीन-चार आठवड्यांनी त्याच त्या कुटुंबांकडे जाऊन, कोणी किती काम केले आणि काय मिळविले, याची टिपणे ठेवीत होते. त्या टिपणांवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी 1994 साली दाखवून दिले, की हमीच्या कामासाठी सोडावे लागलेले उत्पन्न मजुरीच्या सुमारे एक-चतुर्थांशच होते. बाकीचा लाभ निव्वळ होता. वर्षानुवर्षे एकाच उंबरठ्यावर जाऊन तेच प्रश्न आदराने विचारणाऱ्या त्या अनाम अन्वेषकांचे ऋण आपण मानले पाहिजे.

परंतु खरी कसोटी 1988 साली लागली. किमान वेतन वाढले, त्याबरोबर हमीची मजुरीही जवळजवळ दुप्पट झाली. मजुराच्या दृष्टीने हे सर्वथा न्याय्य होते. मजुरी वाढली तर कामावर अधिक माणसे यावीत, हा साधा हिशेब. प्रत्यक्षात मनुष्यदिवसांची संख्या घसरली. केवळ हजेरीपट वाचणाऱ्याने म्हटले असते, की लोकांची गरज कमी झाली. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी मात्र आधीच्या वर्षांतील महिनावार हजेरीवरून, ऋतुमानाचे चढउतार लक्षात घेऊन, वाढीनंतर किती माणसे यायला हवी होती याचा अंदाज बांधला आणि 1993 साली निष्कर्ष मांडला: गरज सरली नव्हती, कामेच अपुरी पडू लागली होती. खजिन्यातील पैसा मजुरीच्या प्रमाणात वाढला नाही, म्हणून हमीला मुकाट्याने मर्यादा पडली. कायद्याचे एक अक्षरही न बदलता त्याचा आत्मा क्षीण झाला, आणि परत पाठविलेल्या माणसाचे नाव कोठेही नोंदले गेले नाही. चांगली मजुरी आणि खरी हमी ही एकमेकांची वैरी नाहीत. दोन्हींचा खर्च उचलण्याची तयारी शासनाने दाखवावी लागते, हा त्या अभ्यासाचा धडा आहे.

2005 साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी देण्यात आली आणि महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. त्या कायद्याच्या व्यवस्थेतील एक लहानशी तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते: काम मागणाऱ्याला त्याच्या अर्जाची तारीख घातलेली पोच मिळाली पाहिजे, असे तीत ठरविले होते. पोच मिळाली म्हणजे काम न मिळालेला माणूसही कागदावर येतो, त्याचे पंधरा दिवस मोजता येतात, आणि जो प्रश्न विचारण्यासाठी विद्वानांना वर्षानुवर्षांची टिपणे चाळावी लागली, तो प्रश्न गावची एखादी मजूर स्त्री ग्रामपंचायतीच्या ओटीवर उभी राहून स्वतःच विचारू शकते. म्हणून ज्या कचेरीत अर्ज घेतला जातो पण पोच दिली जात नाही, तेथे केवळ कारकुनाचा आळस घडतो असे समजू नये. तेथे एक माणूस मोजणीतून पुसला जातो.