प्रेषितांच्या आत्या : हजरत सफिया (रजि.)

रमजानच्या दिवसांत प्रवचनांमधून हजरत खदीजा, हजरत आयेशा, हजरत फातिमा यांच्या आठवणी हमखास निघतात. प्रेषितांची पत्नी, प्रेषितांची कन्या ही नाती सर्वांना ठाऊक असतात. फुफी, म्हणजे आत्या, मात्र मागे राहते. बारशाला बाळाचं नाव ठेवण्याचा मान आत्याला देणाऱ्या आपल्या मुलखात तरी तसं होऊ नये.

हजरत सफिया या अब्दुल मुत्तलिब यांच्या कन्या, हजरत हमजा यांची सख्खी बहीण आणि प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची आत्या. आत्या म्हटल्यावर डोळ्यांपुढे वयस्कर बाई येते, पण या आत्या-भाच्याचं वय जवळपास सारखंच होतं. त्यांचे पती अव्वाम हे हजरत खदीजांचे भाऊ. म्हणजे खदीजा आधी नात्याने नणंद आणि पुढे भाच्याची बायको! पती लवकर गेले. मुलगा जुबैर लहान होता. त्याला त्यांनी फार कडक शिस्तीत वाढवलं. इतका मार कशाला, असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलंही. मुलगा खंबीर व्हावा म्हणून, असं त्यांचं उत्तर. आजच्या आईबापांना ते पटणार नाही, पटूही नये. हाच जुबैर पुढे प्रेषितांच्या अगदी जवळच्या साथीदारांत गणला गेला.

मक्केत धर्माची हाक उघडपणे देण्याची वेळ आली तेव्हा प्रेषितांनी आधी आपल्याच कुळाला बोलावलं. हदीसच्या ग्रंथांत हा प्रसंग आहे. काका अब्बास, आत्या सफिया, मुलगी फातिमा, एकेकाचं नाव घेऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं की अल्लाहपुढे माझं नातं तुमच्या कामी येणार नाही. चारचौघांत, नाव घेऊन! एखादी आत्या रुसून बसली असती. सफिया सोबत राहिल्या, पुढे घरदार सोडून मदीनेला आल्या.

मग उहुदची लढाई झाली. हिजरी सन ३, शव्वालचा महिना, म्हणजे रमजान आणि ईद होऊन फार दिवस झाले नव्हते. इसवी सन ६२५. हमजा धारातीर्थी पडले आणि शत्रूने त्यांच्या देहाची विटंबना केली. सफिया भावाकडे धावत निघाल्या. आत्याने ते पाहू नये म्हणून प्रेषितांनी जुबैरलाच आईला अडवायला पाठवलं. त्यांनी मुलाच्या छातीवर जोराचा फटका मारून त्याला बाजूला सारलं. प्रेषितांचा निरोप आहे, असं त्याने सांगितल्यावर मात्र त्या जागीच थांबल्या. सोबत आणलेली दोन कापडं काढून दिली. भावाच्या कफनासाठी आणली होती.

हमजांच्या शेजारीच मदीनेतला एक अन्सारी पडला होता. त्याच्याही देहाचे तेच हाल केलेले, आणि त्याच्यासाठी कापड आणणारं कुणी नव्हतं. हमजांना दोन आणि याला एकही नाही, याची तिथल्यांना लाज वाटली. दोन्ही कापडं सारखी नव्हती, एक मोठं होतं. म्हणून चिठ्ठी टाकली आणि ज्याच्या वाट्याला जे आलं त्यात त्याला गुंडाळलं. प्रेषितांचा काका आणि नावही न नोंदलेला एक माणूस, दोघांना एकाच बाईच्या हातचं कफन.

दोन वर्षांनी खंदकाच्या लढाईत बायका-मुलं एका गढीत होती. बाहेर घिरट्या घालणाऱ्या शत्रुपक्षाच्या माणसाला सफियांनी तंबूचा खांब घेऊन, खाली उतरून ठार केलं, असं जुने चरित्रकार लिहितात. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं.

इ. स. ६३२ मध्ये भाचा गेला. त्याच्यावर रचलेले शोककाव्य त्यांच्या नावावर आहे. त्यानंतरही त्या सुमारे आठ वर्षं जगल्या. खलिफा हजरत उमर यांच्या काळात, सत्तरी ओलांडल्यावर, मदीनेत त्यांचं निधन झालं. मदीनेच्या जन्नतुल बकी कब्रस्तानात ज्या भागात त्यांची कबर आहे, त्याला पूर्वीपासून ‘बकी अल-अम्मात’ म्हणतात. अम्मात म्हणजे आत्या. कबरीवर नाव नाही, घुमट नाही. रमजानात उमराहला गेलेले लोक मशिदे नबवीतून निघून तिथे सलाम करायला जातात.