ताजा अननस इथे चालत नाही

‘वॉटरगेट सॅलड’मध्ये सॅलड म्हणावं असं काहीच नसतं. पिस्त्याच्या चवीच्या इन्स्टंट पुडिंगची कोरडी पूड, डब्यातला बारीक केलेला अननस रसासकट, ‘कूल व्हिप’ नावाचं तयार क्रीम, छोटे मार्शमेलो आणि पिकन. सगळं कालवायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. 1970च्या दशकापासून अमेरिकेत चर्चच्या सहभोजनांत आणि सणावारी हा पोपटी गोळा चक्क जेवणासोबत वाढला जातो. वॉशिंग्टनच्या ज्या वॉटरगेट संकुलातल्या 1972च्या घरफोडीपायी 1974मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची खुर्ची गेली, त्याचं नाव याला कसं चिकटलं याच्या कथा बऱ्याच आहेत. विश्वास ठेवावा अशी एकही नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. गॅस न पेटवता हे घट्ट कसं होतं?

कस्टर्ड आपल्याला शिजवावं लागतं, कारण कच्च्या स्टार्चचे कण उष्णतेशिवाय फुगत नाहीत. इन्स्टंट पुडिंगमधला स्टार्च कारखान्यातच शिजवून वाळवलेला असतो, म्हणून थंड रसातही तो पाणी ओढून घेतो. पाकिटात फॉस्फेटचे क्षारही असतात; एरवी ते दुधातल्या केसीन या प्रथिनाची जाळी बांधायला मदत करतात. इथे मात्र दूध ओततच नाहीत, त्यामुळे मुख्य भार स्टार्चवरच. हलकेपणा येतो तो जनरल फूड्सने 1966मध्ये आणलेल्या कूल व्हिपमुळे. वनस्पती तेलाच्या घट्ट स्निग्धांशात कोंडलेली हवा, आणि तिला धरून ठेवणारे डिंक. त्यातला एक गवारीच्या बियांचा. आपण जिच्या शेंगांची भाजी करतो तीच गवार.

आता अननस. तो डब्यातलाच हवा, आणि यात आळशीपणा नाही. ताज्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर असतं. भरपूर अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यात त्याचाही हात आहे. मार्शमेलोचा लवचीकपणा जिलेटिन या प्रथिनावर उभा असतो. ब्रोमेलेन त्याच्या साखळ्या तोडतं आणि मार्शमेलो विरघळू लागतात. क्रीममधल्या केसीनचेही तुकडे होतात, आणि त्यांतले काही चवीला कडू असतात. ताजा अननस घातलेलं श्रीखंड थोड्या वेळाने कडवट लागतं, ते याच कारणाने. म्हणूनच अनुभवी हात अननस आधी साखरेत शिजवून घेतात.

डबाबंद करताना अननस तापवला जातो. त्या उष्णतेने विकराची घडी विस्कटते आणि ते कायमचं निकामी होतं. गोठवून हे साधत नाही: थंडीत ब्रोमेलेन नुसतं मंदावतं, बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतं. ताजंच फळ वापरायचं असेल, तर फोडी काही मिनिटं चांगल्या उकळाव्यात आणि पूर्ण गार करूनच कालवाव्यात. गरम फोडींनी क्रीममधला स्निग्धांश वितळतो आणि कोंडलेली हवा निसटते.